पहिली आवृत्ती

"उघडू नका मॅडम, नुसतं छातीशी धरा," वैरागडे सर माझ्या कानाशी पुटपुटले आणि फोटोवाल्याकडे बघून हसले.

त्यांनी सांगेपर्यंत मी पुस्तक उघडलंसुद्धा होतं. इतकी वर्षं खपल्यावर स्वतःचं पुस्तक हातात आलेलं माणूस ते उघडणार नाही तर काय पाटावर मांडून पूजा करणार? विद्यापीठाच्या सभागृहात, भरल्या मंचावर, कुलगुरूंनी लाल फीत सोडून ते माझ्या हातात दिलं होतं. वर मीच काढलेलं मरळ माशाचं चित्र, त्याखाली माझं नाव, डॉ. हेमलता कापगते, आणि सगळ्यात खाली विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाची मुद्रा. कव्हर झकास होतं. आत मात्र जे पान उघडलं त्यावर छापलं होतं, 'प्रकरण सहावे : बाळाचा वरचा आहार.'

मला वाटलं, बांधणीवाल्यानं घोळ घातला. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पानं चुकून यात शिवली. मधे उघडलं, तर नाचणीचं सत्त्व कसं करावं. शेवटी उघडलं, तर लोकरीचे कपडे धुण्याची रीत. माझं पुस्तक होतं आमच्या पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर. त्यातले मासे, पाणवनस्पती, आणि त्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांना त्याबद्दल काय काय ठाऊक आहे, ते सगळं. त्यातली एकही ओळ तिथं नव्हती. माझ्या शेजारी इतिहासाचे एक प्राध्यापक आपलं पुस्तक छातीशी धरून उभे होते. त्यांनी ते उघडलं नव्हतं, आणि उघडायची त्यांना हौसही दिसली नाही. मुरलेले गृहस्थ होते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, मिटा.

समोर तिसऱ्या रांगेत गिरजाबाई दिघोरे आणि तलावावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या, नीट दिसावं म्हणून. लुगड्यांचे पदर सावरत, मोठ्यांदा टाळ्या वाजवत. त्यांना मी स्वतः जीप करून आणलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, त्यात माझा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा दिसतो.

कार्यक्रम संपल्यावर मी वैरागडे सरांना पडद्यामागे गाठलं. डॉ. प्रभाकर वैरागडे हे प्रकाशन विभागाचे संचालक. मऊ बोलायचे, कधी कोणावर ओरडले नाहीत. माझ्या आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी बुडवलं ते सगळे मऊच बोलणारे होते. मी विचारलं, हा काय प्रकार आहे? त्यांनी खांद्यावर हात ठेवल्यासारखा आवाज काढला आणि समजावलं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरून समिती यायची होती. वर्षभरात किती ग्रंथ प्रकाशित झाले ते समितीला दाखवायचं होतं. छापखान्याचं काम मागे पडलेलं. मग कव्हरं तेवढी छापून घेतली आणि गोदामात पडलेल्या गृहअर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांवर चढवली. जाडी बरोबर जुळली, असंही त्यांनी कौतुकानं सांगितलं. ही विभागाची पद्धतच होती. आधी प्रकाशन, मग छपाई.

"आणि छपाई कधी?"

"झालीच समजा. तुमचं हस्तलिखित तयार, चित्रं तयार. महिना-दीड महिना. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

एवढं बोलून त्यांनी ती प्रत माझ्या हातातून हळूच काढून घेतली. ती प्रदर्शनाच्या काचेत ठेवायची होती.

बाहेर पायऱ्यांवर बाया वाट बघत होत्या. गिरजाबाईनं हात पुढे केला. "पाहू द्या जी बाई."

मी म्हटलं, अजून छापून यायचं आहे. तिला कळेना. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, आत्ता तं तुमच्या हाती होतं. मी म्हटलं, तो नुसता नमुना होता. जीपमधे बाकीच्या बाया कुलगुरूंच्या टोपीबद्दल बोलून हसत होत्या, ती खिडकीबाहेर बघत होती.

आता ही गिरजाबाई कोण ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही. ती आमच्या तालुक्यातल्या मच्छीमार सोसायटीची पुढारी. मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिचं घर. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि माझं माहेरही तलावाचंच, आमच्या कोहळी समाजानं ते तलाव बांधले असं आम्ही अभिमानानं सांगतो. बांधले आम्ही, पण त्यातलं पाणी कळायचं ते ढिवरांना. मी पहिल्यांदा वही घेऊन गेले तेव्हा गिरजाबाईनं मला बसायला चटईसुद्धा दिली नाही. का, ते तिनंच नंतर सांगितलं. माझ्या आधी एक साहेब आला होता. महिनाभर राहिला, रोज मासे खाल्ले, सगळ्या बायांकडून नावं लिहून घेतली, कुठला मासा कधी अंडी घालतो, कोणतं गवत उपटलं की कोणता मासा पळून जातो, सगळं. तुमच्या नावानं पुस्तक काढतो म्हणाला. तो पुन्हा काही फिरकला नाही. पुढे कोणीतरी सांगितलं की तो त्याच्यावर मोठा डॉक्टर झाला, दिल्लीला गेला.

मी वर्षभर नुसती जाऊन बसले. लग्नाला गेले, मयतीला गेले, चिखलात उतरले, जाळं ओढताना तोंडावर पडले तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. मग एके दिवशी गिरजाबाई आपणहून म्हणाली, "सांगतो मी तुमाले. बाकीच्या बाया बी सांगतीन. पण पुस्तक झालं का पयले आमच्या हाती देजा. त्याच्यात आमची नावं पाहिजेत. नाईतर पुन्हा या पाळीवर पाय ठेवू नका."

मी शब्द दिला. मी काही फार देवधर्म करणारी बाई नाही, पण दिलेला शब्द मी मोडत नाही. आमच्या घरात तेवढं एकच वळण होतं आणि ते माझ्या अंगात मुरलंय. विद्यापीठानं पुस्तक स्वीकारलं तेव्हा मी पहिल्यांदा तिलाच जाऊन सांगितलं. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी कळलं, त्यावरून तो रुसलाही होता.

महिना गेला, दीड महिना गेला. समिती येऊन, काचेतली पुस्तकं पाहून, जेवून गेली. त्यांनीही एकही उघडलं नाही, नाहीतर बाळाचा वरचा आहार त्यांनाही दिसला असता. विद्यापीठाला उत्तम दर्जा मिळाला. वार्षिक अहवालात माझ्या पुस्तकाचं नाव आलं. छापखान्यात मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका चालू होत्या. मग गौरवांक चालू होता. मग मशीन बिघडलं. मी दर सुट्टीत एसटी धरून विद्यापीठात जायची आणि वैरागडे सर मला चहा पाजून परत पाठवायचे.

गावात काय होत होतं ते वेगळंच. सुरुवातीला बाया विचारायच्या, आलं का जी पुस्तक? मग त्यांनी विचारणं सोडलं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना, मोठ्या साहेबानं बाईच्या हातात पुस्तक दिलं, बाईनं ते उघडून वाचलं, बाई फोटोत आली. आता बाई म्हणते पुस्तक नाहीच. म्हणजे बाईनं ते कुठंतरी दिलं, आणि आपल्याला द्यायची वेळ आली तर नमुना म्हणते. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी गृहअर्थशास्त्राची गोष्ट त्यांना सांगितली. एका पुस्तकावर दुसऱ्याचं कव्हर चढवून कुलगुरूंनी त्याचं प्रकाशन केलं, यावर कोण शहाणं माणूस विश्वास ठेवेल? ऐकताना मलाच ते थापेसारखं वाटत होतं. शिकल्यासवरल्या लोकांनी केलेली लबाडी, आणि खोटी ठरले मी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरत होते.

शेवटी एकदा मी वैरागडे सरांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि चहा नको म्हणून सांगितलं. आज तारीख घेतल्याशिवाय उठणार नाही, म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला. आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी मेले तरी विसरणार नाही.

"मॅडम, अडचण अशी झालीय की तुमचं पुस्तक प्रकाशित झालेलं आहे."

"कुठं आहे ते?"

"तसं नव्हे. नोंदीप्रमाणे झालेलं आहे. आता प्रकाशित झालेलं पुस्तक पुन्हा प्रकाशित कसं करणार? मंडळ विचारेल. करायचं तर दुसरी आवृत्ती म्हणून प्रस्ताव ठेवावा लागेल."

"मग ठेवा."

"दुसरी आवृत्ती पहिली संपल्यावर निघते."

"पहिलीची एकतरी प्रत शिल्लक आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग संपली."

त्यांनी माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं की जणू मी पहिलीत बसणारी पोर होते. "पण विक्रीही शून्य आहे ना मॅडम. ज्या पुस्तकाची एकही प्रत विकली गेली नाही, त्याची दुसरी आवृत्ती काढा, असं मी मंडळाला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, बरं, मग माझं हस्तलिखित आणि चित्रं परत द्या, मी कुठल्याही गल्लीतल्या छापखान्यात छापून घेते. तर तेही जमणार नव्हतं. हक्क विद्यापीठाकडे. प्रकाशित ग्रंथ लेखकाला दुसरीकडे देता येत नाही. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. बाहेरच्या कारकुनांनी टंकलेखन थांबवलं होतं एवढं खरं. वैरागडे सर शेवटपर्यंत शांत होते. मी दारात पोचल्यावर मागून म्हणाले, मॅडम, बीपी सांभाळा.

गिरजाबाईच्या दारावरून जायचं मी टाळू लागले. बाजारात ती दिसली की माझीच मान खाली जायची, कशापायी, तर मी न केलेल्या गोष्टीपायी. नवीन नोंदी घेणं तर बंदच पडलं. मी पाळीवर गेले की बाया जाळी उचलून पलीकडे सरकायच्या. एकदा मी एका पोरीला विचारलं, हा लहान मासा कोणता गं? तर तिच्या आईनं मधेच सांगितलं, आमाले नाई माहीत. बोटरी होती ती. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि मग आणखी दोन वर्षांनी पुरस्कार आला.

खोटं वाटेल, पण आला. विद्यापीठानं जाहीर केला, उत्कृष्ट संशोधन ग्रंथ, प्रथम पुरस्कार, डॉ. हेमलता कापगते. सोबतच्या पत्रात परीक्षकांचा अभिप्राय होता. भाषा ओघवती, मांडणी शास्त्रशुद्ध, आणि 'विशेषतः ग्रंथाच्या शेवटी जोडलेली विषयसूची अभ्यासकांना अत्यंत उपयुक्त ठरेल.' माझ्या पुस्तकाला सूची नव्हतीच. सूची करायची तर कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते लागतं, आणि पानं छापलीच नव्हती तर सूची कुठून येणार? माझा नवरा म्हणाला, घे आणि गप्प बस, तुझ्या जिभेला हाड नाही. कॉलेजात पेढे मागायला लोक आले. मी दार लावून घेतलं आणि संतापानं रडले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं लहानपणी ऐकलं होतं. इथं तर तुरी नसताना त्या किती चवदार होत्या याचा दाखला लिहून आला होता.

पुरस्कार घ्यायला जायच्या आदल्या दिवशी मी हिंमत करून गिरजाबाईकडे गेले. म्हटलं, माझ्याबरोबर चला, तिथं सगळ्यांसमोर विचारते. ती जाळं दुरुस्त करत होती, तिनं वर पाहिलं नाही. "एकडाव आलो होतो जी," एवढंच म्हणाली. मी एकटी गेले.

सभागृह तेच. कुलगुरू मात्र बदलले होते. नवे कुलगुरू बाहेरून आलेले, कमी बोलणारे. मंचावर वैरागडे सर होते, आणि परीक्षकांपैकी डॉ. बेदरकर, निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी ती सूचीची तारीफ लिहिली होती. शाल आली, श्रीफळ आलं. मग दोन शब्द बोला म्हणाले.

मी म्हटलं, "पुरस्काराबद्दल आभारी आहे. एक छोटी अडचण आहे. हे पुस्तक मी स्वतः अजून पाहिलेलं नाही. बेदरकर सरांनी ते वाचलंय. त्यांची प्रत मला पाच मिनिटं बघायला मिळाली तर उपकार होतील."

लोक हसले. त्यांना वाटलं बाई विनोदी आहेत. बेदरकर सरही हसले आणि प्रत घरी राहिली म्हणाले. मी म्हटलं, आपलं घर समोरच्याच वसाहतीत आहे, कोणी जाऊन घेऊन येईल, मी थांबते. मग त्यांना आठवलं की प्रत त्यांनी विभागाला परत केली. मी वैरागडे सरांकडे वळले. ते म्हणाले, विभागात सध्या शिल्लक नाही. ग्रंथालयात असेल? मी विचारलं. ग्रंथपाल पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. सभागृहातलं हसू एव्हाना थांबलं होतं.

"सूची कितव्या पानापासून सुरू होते सर?" मी बेदरकरांना विचारलं. "तेवढं तरी सांगा. मी लिहिलेलीच नाही, म्हणून विचारते."

बेदरकर सर पाणी प्यायले. कुलगुरू वैरागड्यांकडे झुकले. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"हे पुस्तक छापलंय का?"

"सर, प्रकाशित झालेलं आहे."

"मी छापलंय का विचारतोय."

वैरागडे सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि मंचावरून उतरून सरळ एसटी स्टँडवर आले. किती वर्षांनी मनातलं तोंडावर आलं होतं.

कुलगुरूंनी दुसऱ्याच दिवशी आदेश काढला, असं मला मागाहून कळलं. इतर सगळी कामं बाजूला ठेवून हे पुस्तक आधी छापा. आणि छापलं, काय सांगू, दोन-अडीच महिन्यांत छापलं. ज्याला इतकी वर्षं मशीन मिळत नव्हतं त्याला अचानक मशीन मिळालं. कॉलेजच्या पत्त्यावर गठ्ठे आले. शिपायानं सुतळी कापली आणि मी वरची प्रत उचलली. शाईचा वास येत होता. मी सरळ मधे उघडलं. मरळ होती, मागूर होता, दाडक होता. माझी चित्रं जशीच्या तशी. मग शेवटचं पान काढलं. तिथं बायांची नावं होती, गावांसकट, मी लिहिली होती त्याच क्रमानं, वर गिरजाबाई. त्या दिवशी माझा सगळा राग उतरला. वैरागडे सर समोर आले असते तर त्यांनाही मी पेढा दिला असता.

कोणाला काही न सांगता एक गठ्ठा घेऊन मी त्याच दुपारी पाळीवर गेले. गिरजाबाईच्या ओसरीवर गठ्ठा ठेवला आणि म्हटलं, पहिली प्रत तुमची. तिनं हात लुगड्याला पुसले. पुस्तक घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला. म्हणाली, "आलं म्हंता मंग." हाकाटी झाली आणि सगळ्या बाया गोळा झाल्या. गिरजाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिची सून रंजना दहावी शिकलेली. ती त्या मंचावरच्या कार्यक्रमानंतर लग्न होऊन आलेली. तिनं शेवटच्या पानावरची नावं एकेक करून वाचली. आपलं नाव आलं की ती बाई लाजायची आणि बाकीच्या तिला ढोसायच्या. एक म्हातारी म्हणाली, माझं नाव पुन्हा वाच. रंजनानं पुन्हा वाचलं. कोणीतरी मला चटई टाकली. मी बसले आणि मला वाटलं, झालं, फिटलं.

रंजनाला काही चैन पडेना. ती हुशार पोर, तिला सगळं पहिल्यापासून वाचायचं होतं. तिनं पुस्तक सुरुवातीला उघडलं. नाव वाचलं. पान उलटलं. जिथं प्रकाशक, मुद्रक असं बारीक अक्षरात असतं, जे पान कुठलाच लेखक आनंदाच्या भरात बघत नाही, ते ती मोठ्यानं वाचू लागली. विद्यापीठाचं नाव, हक्क राखीव, आणि मग, "दुसरी आवृत्ती." त्याखाली प्रकाशकाचं निवेदन होतं. रंजनानं तेही वाचलं, शाळेतल्या धड्यासारखं सावकाश. "या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीला वाचकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पहिली आवृत्ती अल्पावधीत हातोहात संपली."

मला वाटलं कोणीतरी माझ्या तोंडात मारली. क्षणात सगळं कळलं. पुरस्कार त्या जुन्या पुस्तकाला दिला होता, मग ते जुनं पुस्तक असायलाच हवं. समितीला ते दाखवलं होतं, अहवालात ते छापलं होतं, मग ते छापलेलं आणि विकलेलं असायलाच हवं. कुलगुरूंचा आदेशही पाळला आणि आपली अब्रूही राखली. आणि ज्या लबाडीवर मी भर सभेत बोट ठेवलं होतं, तिच्यावर आता विद्यापीठाची मुद्रा होती, खाली संचालकांची सही होती. तीही माझ्याच पुस्तकात, मीच माझ्या हातानं आणून ओसरीवर ठेवलेल्या.

गिरजाबाईनं सुनेला ते पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे वळून तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"म्हंजे पयली होती तं. ते कोनाले देली जी बाई तुमी?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, बाळाच्या आहारापासून बेदरकरांच्या सूचीपर्यंत, वैरागड्यांचं शिल्लक शून्य आणि विक्री शून्य, भर सभेत मी काय विचारलं ते. शपथा घेतल्या. माझा आवाज चढला तसा शेजारची कुत्री भुंकायला लागली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर तिनं पुस्तकाचं ते पान बोटानं दाबून धरलं, जिथं सून वाचत होती तिथंच.

"तुमी म्हंता तं असन बाई," ती म्हणाली. "पण छापलं तं असंच हाय ना."

मी विद्यापीठाला पत्रं लिहिली, पेपरवाल्यांना भेटले, ते पान फाडून नवं चिकटवा म्हणून वैरागड्यांशी भांडले. ते निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला, त्यात त्यांच्या कारकिर्दीत निघालेल्या आवृत्त्यांचा उल्लेख झाला. पुस्तकाची मला सगळीकडून वाहवा मिळाली. आता मीही निवृत्त झालेय. पाळीवर अजून जाते. गिरजाबाई थकलीय, पण मला बघून उठून बसते, सुनेला चहा टाकायला सांगते, घरचं बरंवाईट विचारते. तिनं कधी मला अपमानानं वागवलं नाही. पण त्या दुपारनंतर त्या पाळीवर कोणत्याही बाईनं मला एकाही माशाचं नाव सांगितलेलं नाही.